इंटरनेट-स्थगिती

एखाद्या प्रदेशातील इंटरनेट सेवा शासनाच्या आदेशावरून काही काळापुरती पूर्णतः वा अंशतः बंद ठेवण्याची कृती. तांत्रिक बिघाडामुळे वा नैसर्गिक आपत्तीमुळे सेवेत पडणारा खंड तसेच एखादे विशिष्ट संकेतस्थळ रोखण्याची कारवाई यांहून ती भिन्न आहे. स्थगितीत आक्षेपार्ह मजकुरावर नव्हे, तर त्या प्रदेशातील सर्व नागरिकांच्या संपर्कसाधनावरच निर्बंध येतो. सार्वजनिक सुव्यवस्थेचे रक्षण हा तिचा घोषित हेतू असला, तरी नागरी स्वातंत्र्याशी तिचा थेट संबंध येत असल्यामुळे लोकशाही राज्यांत ती वादविषय ठरली आहे.

होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध ईजिप्तमध्ये उठाव झाला असता, २८ जानेवारी २०११ रोजी तेथील शासनाने जवळजवळ सर्व देशाची इंटरनेट सेवा तोडली. ती सुमारे पाच दिवसांनी पूर्ववत झाली. या घटनेने या उपायाकडे जगाचे लक्ष वेधले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०१६ मध्ये केलेल्या ठरावात माहितीचा मार्ग हेतुपुरस्सर रोखणाऱ्या उपायांचा निषेध केला.

प्रकार : स्थगितीचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात : (१) मोबाइल व तारजोडणी अशा दोन्ही मार्गांनी मिळणारी सेवा बंद ठेवणे, (२) केवळ मोबाइल इंटरनेट बंद ठेवणे, (३) सेवा चालू ठेवून तिचा वेग कमी करणे. भारतातील बहुसंख्य लोक मोबाइलवरूनच इंटरनेट वापरत असल्याने दुसरा प्रकारही व्यवहारात जवळजवळ पूर्ण बंदीसारखाच ठरतो. तिसऱ्या प्रकारात सेवा नावापुरती चालू असते. परंतु चित्रफिती, दूरस्थ वर्ग वा मोठे दस्तऐवज यांसाठी ती निरुपयोगी होते.

कायदेशीर आधार : भारतात प्रारंभी जिल्हा दंडाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १४४ खाली असे आदेश काढीत. गुजरातमध्ये २०१५ च्या पाटीदार आंदोलनाच्या वेळी काढलेला असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने वैध ठरविला. भारतीय तार अधिनियम, १८८५ खाली ऑगस्ट २०१७ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले व आदेशाचा अधिकार केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवांकडे आला. नोव्हेंबर २०२० मधील दुरुस्तीने आदेशाची मुदत १५ दिवसांवर आणली. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २० खाली नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम जारी झाले. त्यांनुसार आदेश सकारण व लेखी असावा लागतो आणि तो प्रसिद्ध करावा लागतो. आदेशाची छाननी सचिवपदावरील अधिकाऱ्यांची समिती करते. आदेश देणारे व तो तपासणारे दोघेही शासनाचेच अंग असून समितीत न्यायाधीश नसतो, हा या व्यवस्थेवरील प्रमुख आक्षेप होय.

न्यायालयीन भूमिका : जम्मू व काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ च्या प्रारंभी सर्व संपर्कसेवा बंद करण्यात आल्या. त्याविरुद्ध संपादक अनुराधा भसीन यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी निर्णय दिला. इंटरनेटद्वारा केलेली अभिव्यक्ती व व्यवसाय यांना संविधानाच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे, अनिश्चित काळाची स्थगिती अवैध आहे व निर्बंध हा धोक्याच्या प्रमाणात असला पाहिजे, अशी तत्त्वे त्यात मांडली आहेत. मात्र इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे काय, हा प्रश्न न्यायालयाने अनिर्णित ठेवला व सेवा तत्काळ पूर्ववत करण्याचा आदेशही दिला नाही. तेथे वेगवान मोबाइल सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे सुमारे दीड वर्षाने सुरू झाली. मणिपूरमध्येही मे २०२३ मधील हिंसाचारानंतर मोबाइल इंटरनेट कित्येक महिने बंद होते.

परिणाम : दंगलीच्या काळात खोट्या बातम्या व चिथावणीखोर चित्रफिती काही मिनिटांत सर्वत्र पसरतात आणि जमाव गोळा होतो, त्यांना आळा घालण्यास अन्य जलद उपाय नाही, असे प्रशासनाचे म्हणणे असते. महाराष्ट्रात जून २०२३ मध्ये कोल्हापूर येथे समाजमाध्यमांवरील मजकुरावरून तणाव निर्माण झाला, तेव्हा याच कारणास्तव सेवा थांबविण्यात आली. उलटपक्षी, अफवा खोडून काढण्याचे साधनही त्याच वेळी नाहीसे होते, वार्ताहरांना घटनांची शहानिशा करता येत नाही व अन्यायाचा पुरावा बाहेर पोहोचत नाही. शिधावाटपातील आधार-पडताळणी, बँकव्यवहार व फिरत्या विक्रेत्यांची दैनंदिन वसुली ही सर्व इंटरनेटवर अवलंबून असल्याने सर्वाधिक झळ अल्प उत्पन्न गटास पोहोचते. भरतीपरीक्षेतील गैरप्रकार टाळण्यासाठीही राजस्थानात २०२१ मध्ये सेवा बंद ठेवण्यात आली. अशा किरकोळ कारणांसाठी होणाऱ्या वापरामुळे ‘सार्वजनिक आणीबाणी’ या संज्ञेचा अर्थ सैल होत जातो.

संसदेच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात असे नमूद केले, की देशातील स्थगितींची एकत्रित नोंद केंद्र शासनाकडे ठेवली जात नाही. या उपायाच्या परिणामकारकतेचा अभ्यास करावा, अशी शिफारसही समितीने केली. निर्बंध धोक्याच्या प्रमाणात आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी अशी नोंद व असा अभ्यास आवश्यक ठरतो. त्यांच्या अभावी न्यायालयाने सांगितलेली कसोटी बव्हंशी कागदावरच राहते.