बालकांच्या चुकीमागील गणित

‘पंचवीस लिही’ असें सांगितल्यावर मुलानें ५२ लिहिलें, कीं घरांतील वडील मंडळी त्यास ‘ढ’ ठरवून मोकळी होतात. आमच्या मतें हा निवाडा घाईचा आहे. शब्दांत ‘पंच’ आधीं येतो, ‘वीस’ मागाहून. मुलानें ऐकलें त्याच क्रमानें अंक मांडले. संस्कृत ‘पंचविंशति’पासून चालत आलेली ही रीत आपल्या अंगवळणीं पडल्यामुळें तींतील अडचण आपणांस दिसत नाहीं. ‘एकोणतीस’ तर त्याहून अवघड! नांव तिसाचें, घर विसाचें. ‘एकोन’ म्हणजे एकानें उणें, हें कोणीं उकलून न सांगितल्यास मुलानें ३१ लिहिण्यांत नवल तें काय?

आमच्या मुखेडपासून कानडी व तेलुगु मुलूख फारसा दूर नाहीं. कानडींत ‘इप्पत्तैदु’, तेलुगूंत ‘इरवै ऐदु’. दोहोंत वीस आधीं, पांच नंतर. तेथें जीभ व लेखणी एकाच दिशेनें चालतात. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत ‘वीस पाच’ अशा धर्तीचें वाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगलाताई नारळीकर यांनीं जोडाक्षरांचा व उलट क्रमाचा मुलांस होणारा जाच त्या वेळीं लोकांपुढें मांडला. भाषेचें धन जाईल ही विरोधकांची धास्तीहि अनाठायीं नव्हती. पण येथें एकास धरण्यासाठीं दुसऱ्यास सोडण्याचें कारणच नाहीं. वीस आणि पांच, म्हणून पंचवीस. असें जोडीनें म्हणवून घेतल्यास अर्थहि कळतो व बाजारांतला शब्दहि राहतो.

इतर चुकांचीहि हीच कथा. ६३ मधून २८ वजा करतांना मूल ४५ उत्तर काढतें. कारण ‘लहानांतून मोठें जात नाहीं’ हें त्यानें पक्कें धरलेलें असतें, म्हणून तें आठांतूनच तीन काढतें. ०.२५ हें ०.५ हून मोठें म्हणतें. कारण पूर्णांकांत २५ हे ५ हून मोठेच असतात. अष्टमांश चतुर्थांशाहून मोठा म्हणतें. कारण चारांहून आठ अधिक. म्हणजे एका ठिकाणचा खरा नियम तें दुसऱ्या ठिकाणीं लावतें. हें अज्ञान नव्हे, अपुरें ज्ञान होय. आणि अपुरें ज्ञान छडीनें पुरें होत नाहीं.

मग घरीं करावें काय? सहा दशक व तीन सुटे अशा काड्या मांडून एक जुडी मुलाकडूनच सोडवावी. अर्धा रुपया व पाव रुपया यांचे पैसे मोजवावे. एक भाकरी चौघांत व तेवढीच आठांत वाटून कोणाचा तुकडा मोठा, हें आजीनें पानावरच विचारावें. पाढे पाठ असावेतच. परंतु पाठांतरास समजुतीची जोड हवी.

विशेषतः, चूक दिसतांच खोडूं नये. ‘बाळ, हें कसें काढलेंस?’ एवढें शांतपणें विचारावें. एकत्र कुटुंबांत चार वडीलधाऱ्यांनीं मिळून ‘ढ’ म्हटलेलें मूल चार दिवसांत स्वतःसहि तसेंच मानूं लागतें, व पुढें गणिताची वही उघडण्यासच भितें. ५२ चे २५ करणें घटकेचें काम आहे. ती भीति घालविण्यास मात्र वर्षें लागतात.