तळ्यातली मरळ आणि पावसाळ्यातली होडी



मिरगाच्या चार सरी पडल्या की गरी आणि जाळी बाहेर निघतात. पण हेच दिवस मरळीच्या विणीचे. मरळ अंडी टाकून निघून जात नाही, नर-मादी पिलांची राखण करतात. काठच्या गवताजवळ पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका हलताना दिसला, तर खाली मोठी मरळ आहेच असे समजा. जवळ येईल त्यावर ती धावून जाते, म्हणून गरीलाही चटकन लागते. ती काढलीत की तो सगळा पुंजका इतर माशांच्या तोंडी गेला! अशा जागी गरी टाकूच नका. चुकून लागली तर तिथल्या तिथे सोडा.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. टोपली भरते खरी, पण पिलांसकट सगळे मरते आणि तेच पाणी आपली गुरे पितात. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव 1530 साली बांधलेला, आजही बागायतीला पाणी देतो. 2020 मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. असे पाणी नासवायला एक रात्र पुरते.

होडीत माणसे बेताचीच घ्या, उभे राहून जाळे फेकू नका. ‘माका पोहूक येता’ म्हणून लाईफ जॅकेट नाकारणारे पुष्कळ. गाळात, वेलीत पाय अडकला की पोहणे काय कामाचे? विजा चमकू लागताच होडी काठाला लावा.

आणि तळ्याचा ठेका कोणाकडे आहे, हे ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या.