हृदयाचा लगाम

काशीच्या दूधविनायक भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. गंगास्नान आटोपून घाटाच्या उंच पायऱ्या चढताना एखादे वृद्ध गृहस्थ मध्येच थांबतात, दम खातात आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून पुढे निघतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पायांवर सूज येऊ लागली, रात्री उताणे निजताच श्वास कोंडू लागला, तर दोष केवळ वयाचा नसून हृदयाचे रक्त ढकलण्याचे काम उणे पडत असण्याचा संभव असतो. यालाच डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. हा शब्द मराठीत आणताना अनुवादकाची मोठी अडचण होते. कारण ‘फेल’ म्हटले की हृदय बंद पडले, असाच अर्थ वाचकाच्या मनात उभा राहतो. वस्तुतः ते चालू असते, पण पुरे पडत नाही.

अशा वेळी शरीराची अनुकंपी चेतासंस्था हृदयाला जणू टाच मारते. ठोके वाढतात, काही काळ निभावते. परंतु थकलेल्या घोड्याला महिनोन्‌महिने टाच मारीत राहिले, तर तो अधिकच खचतो. लगाम खेचण्याचे काम मेंदूतून निघून मानेतून खाली उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूकडे असते. तो उत्तेजित केला असता हृदय मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखविले. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला आणि त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावले. मज्जातंतूचा निरोप रासायनिक होता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

मग दुर्बल हृदयाचा व्हेगस मुद्दाम उत्तेजित केला तर? जपानी संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आणविलेल्या उंदरांवर हा प्रयोग केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, १४० दिवसांनंतर उपचार झालेल्यांपैकी ८६ टक्के उंदीर जिवंत होते, इतरांपैकी ५० टक्के. पुढे भारतातील दहा केंद्रांत साठ रुग्णांच्या व्हेगसला विद्युत्‌स्पंद देणारे लहानसे यंत्र बसविण्यात आले. सहा महिन्यांत त्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता सुधारली, असे २०१४ मध्ये जाहीर झाले. मात्र तुलनेसाठी उत्तेजनाविना ठेवलेला गट तेथे नव्हता, ही उणीव लहान नव्हे. २०१६ मध्ये ७०७ रुग्णांच्या तौलनिक चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्णांची चाल सुधारली, त्यांना बरेही वाटले. परंतु मृत्यू वा विकार बळावणे कमी झाले नाही.

निरोप पेशीपर्यंत पोचल्यावर तेथे काय घडते, हे पाहताना मायक्रोआरएनएचा विचार करावा लागतो. सुमारे बावीस घटकांचे हे इवलेसे रेणू जनुकांच्या आज्ञा अडवितात आणि त्या त्या प्रथिनाची निर्मिती घटवितात. ॲसिटिलकोलीनचा फडशा पाडणाऱ्या विकराची निर्मिती ‘मायक्रोआरएनए-१३२’ रोखतो, हे २००९ मध्ये दिसून आले. त्यामुळे व्हेगसचा निरोप टिकतो, दाह शमतो. यावरून हा रेणू वाढवावा असे वाटेल. पण २०१२ च्या संशोधनात नेमके उलटे आढळले: उंदरांच्या हृदयस्नायूंत तोच फाजील झाला, की स्नायू फुगतो आणि हृदय दुबळे होते. म्हणून औषध शोधले गेले ते त्याला अडविणारे. २०२१ मध्ये अठ्ठावीस रुग्णांवरील पहिली चाचणी प्रसिद्ध झाली, तीही मुख्यतः सुरक्षिततेची.

पायऱ्यांवर थांबणाऱ्या गृहस्थांना आज यांपैकी काहीच नेहमीचा उपचार म्हणून मिळणार नाही. लगाम खेचण्याऐवजी टाच सैल करणारी बीटा-ब्लॉकर औषधे मात्र डॉक्टर तपासणीअंती पुष्कळ रुग्णांना देतात, आणि त्यांनी आयुष्य वाढते हे मोठ्या तौलनिक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे.