आजारपणाचा खाडा

दसरा जवळ आला की आपल्या भागात मुकादमाच्या चकरा सुरू होतात. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, भूम, कळंब या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे ऊस तोडायला बाहेर पडतात. कोणी सोलापूर-सांगलीकडे जातात, कोणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत फडाजवळची कोपी हेच घर.

नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ती पुढे ऊस तोडून फेडायची. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची.

माणसे धडधाकट आहेत तोवर हे चालते. पण बाईला ताप आला तर? तिचे दिवस भरत आले तर? गड्याच्या पायावर कोयता बसला तर? काम थांबले की मजुरी थांबते. शिवाय पुष्कळ टोळ्यांत खाडा धरतात, म्हणजे दंड कापतात. मग बाई म्हणते, "आज पडून राहिले तर उचल कशी फिटायची?" आणि तशीच फडात जाते.

याने काय होते ते पाहा. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा 2019 साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊस तोडणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणे अनेक होती. पण न्हाणी नाही, संडास नाही, विश्रांती नाही आणि खाड्याची धास्ती, ही त्यांतलीच.

मग जबाबदार कोण? कारखाना म्हणतो, "मजूर मुकादमाचे." मुकादम म्हणतो, "मी नुसता माणसं आणणारा." दोघांच्या मध्ये आजारी माणूस तसाच राहतो.

कोणी म्हणेल, "धंद्यात दुबळ्याचे लाड कोण करणार?" पण शहाणा शेतकरी लंगडत्या बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. माणसाला तेवढेही नको का? आणि हे लाड नव्हेत. आपल्या महाराष्ट्रानेच ते करून दाखवले आहे. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. तेथे काम देणारे सरकार होते. बाई असो की गडी, कामाचा दर एकच ठरला. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लेकरांची सोय करायची असे ठरले. पुढे केंद्राने 2005 साली असाच कायदा केला. त्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिलाही मजुरी द्यावी, असे लिहिले. म्हणजे लेकरू सांभाळणे हेही कामच धरले. सगळीकडे हे नीट पाळले गेले असे नाही. पण कायद्यात आले, म्हणून लोकांना मागता आले.

आता आपल्याला वाचता येते. त्याचा उपयोग येथे करू या.

उचल घेण्याआधी कागद वाचा. किती रक्कम, टनाला दर किती, ते पाहा. आपल्या वहीतही लिहून ठेवा. मग विचारा: आजारपणाचा खाडा धरणार का? बाळंतपणाचा धरणार का? पाणी, संडास, औषधाची पेटी कोण देणार? ठरले ते कागदावर लिहून घ्या.

बाई गरोदर असेल तर निघण्याआधी आशाताईला सांगा. तपासणीचे कार्ड बरोबर घ्या. जेथे जाल तेथल्या अंगणवाडीत ते दाखवा.

आणखी एक ध्यानात ठेवा. उचल फिटली नाही म्हणून कोणालाही डांबून राबवता येत नाही. वेठबिगारीविरुद्ध 1976 सालचा कायदा आहे. तसे घडले तर तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे.

एकट्याने विचारले तर मुकादम म्हणेल, "तुला नको तर दुसरा येईल." म्हणून साऱ्या टोळीने मिळून विचारावे. आज शेजारीण आजारी आहे. उद्या आपली पाळी येऊ शकते. तिचा खाडा माफ करून घेतला, तर तो आपलाही माफ होतो.