मॉड्यूल मार्गनिश्चिती

संगणकाच्या आज्ञावलीतील एका भागात दुसऱ्या भागाचा उल्लेख केवळ नावाने केलेला असतो. त्या नावावरून प्रत्यक्ष फाइल कोणत्या ठिकाणी आहे, हे ठरविण्याच्या क्रियेस मॉड्यूल मार्गनिश्चिती म्हणतात. मॉड्यूल म्हणजे स्वतंत्रपणे लिहिलेला, तपासलेला व इतर भागांना वापरता येण्याजोगा आज्ञावलीचा घटक. लहान आज्ञावली एकाच फाइलीत मावते. मोठ्या प्रकल्पात मात्र अशा फाइली हजारोंनी असतात आणि त्यांतील पुष्कळशा इतरांनी लिहिलेल्या असतात. साहजिकच एकच नाव दोन ठिकाणी आढळते. नाव मुळीच सापडले नाही, तर आज्ञावली थांबते व दोष लगेच कळतो. त्याच नावाचे भलतेच मॉड्यूल सापडले, तर ती चालू राहते आणि हा प्रकार अधिक घातक होय.

ही अडचण संगणकापुरती नाही. वर्धा जिल्ह्यातील गावांच्या नावांमागील कंस याच अडचणीतून आलेले दिसतात. वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) या गावाच्या पंचक्रोशीत नुसते ‘आंजी’ म्हटले की पुरते; दूरच्या पत्रव्यवहारात मात्र कंसातील विशेषण आवश्यक ठरते. सिंदी (रेल्वे) व सिंदी (मेघे), तळेगाव (श्यामजीपंत) व तळेगाव (टालाटुले), खरांगणा (मोरांगणा) व खरांगणा (गोडे) या जोड्या त्याच प्रकारच्या आहेत. यांपैकी ‘मेघे’ हे पद सावंगी, बोरगाव इ. अनेक गावांच्या नावांस जोडलेले असल्याने ते एका गटाचे निदर्शक ठरते. आज्ञावलीच्या परिभाषेत अशा गटास नामावकाश म्हणतात. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली व १५ ऑगस्ट १९७२ पासून अंमलात आलेली पिनकोड पद्धती हा याच प्रश्नाचा पुढचा उपाय होय. सहा अंकी संकेतांक डावीकडून वाचत गेल्यास विभाग, उपविभाग, टपाल वर्गवारीचा जिल्हा व शेवटी वाटप करणारे कार्यालय असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा मार्ग मिळतो. फाइलीचा पूर्ण मार्गही याच क्रमाने लिहितात. पत्त्यात मात्र आपण आधी घर व शेवटी राज्य लिहितो. जावा भाषेत संस्थेचे महाजालावरील नाव उलट क्रमाने लिहून पॅकेजला देण्याचा जो संकेत आहे, त्याचे कारण हेच.

केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या एडसॅक या संगणकासाठी उपकार्यक्रमांचा संग्रह कागदी फितींवर ठेवलेला असे. हवी ती फीत कपाटातून काढून तिची नक्कल आपल्या कार्यक्रमाच्या फितीवर करून घ्यावयाची, म्हणजे मार्गनिश्चिती माणूसच करी. फाइलींची उतरंड असलेल्या प्रणाली आल्यावर हे काम यंत्राकडे गेले. सी भाषेत अंतर्भूत करावयाच्या फाइलीचे नाव अवतरणचिन्हांत दिल्यास भाषांतरक सामान्यतः ते आधी चालू फाइलीच्या निर्देशिकेत (फोल्डरमध्ये) शोधतो. कोनी कंसांत दिल्यास तो थेट ठरावीक ठिकाणांकडे वळतो.

शोधाचा क्रम : नाव दोन प्रकारे दिले जाते. ‘./’ किंवा ‘../’ यांनी आरंभ होणारा सापेक्ष मार्ग हा उल्लेख करणाऱ्या फाइलीपासून मोजतात; दोन बिंदूंचा अर्थ एक पायरी वर असा होतो. त्यात संदिग्धता नसते, पण फाइल दुसरीकडे हलविली की तिच्यातील असे सर्व उल्लेख बदलावे लागतात. दुसरा प्रकार नुसत्या नावाचा. येथे शोधाचा क्रम कोणी ठरविला, यावर सर्व काही अवलंबून असते.

पायथॉन भाषेत शोधावयाच्या निर्देशिकांची एक यादी असते आणि मूळ आज्ञावली ज्या निर्देशिकेत आहे, ती सामान्यतः यादीत पहिली येते. त्यामुळे नवशिक्याने आपल्या सरावाच्या फाइलीस ‘रँडम’ असे नाव दिले, की यादृच्छिक संख्या देणाऱ्या त्याच नावाच्या अंगभूत मॉड्यूलाऐवजी त्याची स्वतःचीच फाइल उचलली जाते. त्रुटीचा संदेश भलत्याच ठिकाणाकडे बोट दाखवितो व दोष भाषेचा वाटतो. २०२२ मध्ये आलेल्या ३·११ या आवृत्तीत ही पहिली नोंद वगळण्याची सोय केलेली आहे.

जावास्क्रिप्टसाठी २००९ मध्ये रायन डाल यांनी तयार केलेल्या नोड या कार्यप्रणालीची रीत वेगळी आहे. नुसते नाव आल्यास ते अंगभूत मॉड्यूलाचे आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. नसल्यास चालू निर्देशिकेतील ‘नोड-मॉड्यूल्स’ या उपनिर्देशिकेत, तेथे नसल्यास एक पायरी वरच्या निर्देशिकेतील तशाच उपनिर्देशिकेत, असे करीत मूळ निर्देशिकेपर्यंत शोध चालतो व जे प्रथम सापडेल ते घेतले जाते. जवळचे ते आधी, हा आंजीच्या पंचक्रोशीतलाच न्याय. या रीतीने एकाच प्रकल्पात एका ग्रंथालयाच्या दोन आवृत्त्या सुखाने नांदू शकतात. मात्र चुकून वरच्या निर्देशिकेत राहून गेलेले मॉड्यूलही उचलले जाते, आणि विकसकाच्या यंत्रावर चालणारी आज्ञावली अन्यत्र बंद पडते.

विन्यास : उतरंड खोल झाली की ‘../../../’ अशा मार्गांची रांग लागते. ती टाळण्यासाठी विन्यास फाइलीत लघुनावे नोंदवितात, उदा., ‘@’ या चिन्हाने आरंभ होणारे प्रत्येक नाव स्रोत निर्देशिकेपासून मोजावे. टाइपस्क्रिप्ट या भाषेत २०१६ च्या २·० आवृत्तीपासून त्यासाठी ‘बेसयूआरएल’ व ‘पाथ्स’ असे दोन पर्याय आहेत; २०२० च्या ४·१ आवृत्तीपासून पहिला न देता दुसरा देता येतो. येथे नेहमी होणारी गफलत ध्यानात घेण्याजोगी आहे. हे पर्याय भाषांतरकास केवळ इतकेच सांगतात की, अमुक नाव आल्यास अमुक फाइल पाहावी. भाषांतरित आज्ञावलीत ते नाव जसेच्या तसे उतरते. परिणामी भाषांतर निर्दोष होते, संपादकात एकही तांबडी रेघ दिसत नाही आणि आज्ञावली चालविताक्षणी मॉड्यूल सापडत नसल्याचा संदेश येतो. भाषांतरक, फाइलींची मोट बांधणारे साधन, चाचणी घेणारे साधन व प्रत्यक्ष आज्ञावली चालविणारी प्रणाली हे चौघे स्वतंत्रपणे मार्ग शोधतात. त्यांपैकी एकासच नकाशा देणे म्हणजे पोस्टमास्तरास गाव सांगून पोस्टमनला न सांगण्यासारखे आहे. चालविणारी प्रणाली स्वतःच वाचते असा नकाशा असल्यास ही अडचण बरीच कमी होते. नोडमध्ये २०२० पासून पॅकेजच्या विवरण फाइलीत ‘#’ चिन्हाने आरंभ होणारी अंतर्गत नावे देता येतात, ती याच उद्देशाने. नव्या प्रकल्पात तिसऱ्या साधनाच्या लघुनावांपेक्षा ही सोय श्रेयस्कर होय.

मार्गनिश्चितीतील संदिग्धतेचा दुरुपयोगही होऊ शकतो. ॲलेक्स बिर्सन या सुरक्षा संशोधकाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार अनेक कंपन्यांच्या खाजगी पॅकेजांची नावे त्यांच्या उघड झालेल्या फाइलींत आढळली. त्याच नावांची, पण अधिक वरच्या आवृत्तिक्रमांकाची निरुपद्रवी पॅकेजे त्याने सार्वजनिक भांडारांत ठेवली. खाजगी व सार्वजनिक अशा दोन्ही ठिकाणी शोधणाऱ्या साधनांनी वरचा क्रमांक पाहून बाहेरचे पॅकेज उचलले. ॲपल, मायक्रोसॉफ्ट इ. ३५ हून अधिक कंपन्यांच्या यंत्रांवर त्याची आज्ञावली चालली. नावापुढे संस्थेचा नामावकाश जोडणे व तो नामावकाश ठरावीक भांडाराशीच बांधून टाकणे, हा त्यावरील उपाय आहे.

नावातील अक्षरांचा प्रश्नही गौण नाही. विंडोजमध्ये सामान्यतः रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांत भेद मानीत नाहीत, लिनक्समध्ये मानतात. घरच्या संगणकावर सापडणारी फाइल सर्व्हरवर न सापडण्याचे हे एक नित्याचे कारण होय. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, पण तिची अडचण निराळी आहे. ‘वऱ्हाड’ या नावातील अर्धा रकार ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतांकाने, ‘र’ व नुक्ता यांच्या जोडीने किंवा ‘र’, हलन्त चिन्ह व अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. यूनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे मात्र वेगळेच राहते; आणि लिनक्सवरील नेहमीच्या फाइल प्रणाली प्रमाणीकरण न करता संकेतांकच ताडून पाहत असल्याने त्यांच्या लेखी वऱ्हाड तीन ठरतात.