श्वासमार्गाचें आभासी दर्शन

आमच्या यवतमाळकडे कोणाची छाती वाजूं लागली, कीं घरांतील वडील मंडळी 'दमा' म्हणून मोकळी होतात. परंतु क्षय बरा झाल्यावर श्वासनलिकेंत राहिलेला वण, एखादी गांठ, किंवा मुलाच्या नलिकेंत अडकलेला शेंगदाणा यांमुळेंही तसाच आवाज येतो. अशा वेळीं दम्याच्या औषधावर विसंबून दिवस घालविणें घातक होय.

१८९७ सालीं जर्मनींत गुस्ताव्ह किलियन यांनीं श्वासमार्गांत नळी घालून अडकलेलें हाडूक काढलें. तेथून ब्राँकोस्कोपी सुरू झाली. १९७१ सालीं इंग्लंडांत हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानें पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. आतां या दोहोंचा मिलाफ झाला आहे. रोगी क्षणभर श्वास रोखून निजतो. यंत्र छातीचे पातळ छेद टिपतें. संगणक ते जुळवून नलिकेंतून आपण चाललों आहों असें चित्र उभें करतो. जेथें नळी शिरत नाहीं, त्या अरुंद जागेपलीकडचेंही दिसतें, आणि तिची लांबी-रुंदी मोजतां येते.

तथापि नैयायिकांच्या भाषेंत हें अनुमान होय, प्रत्यक्ष नव्हे. चिकटलेला कफ गांठीसारखा भासतो. अंतस्त्वचेचा खरा रंग कळत नाहीं. तपासणीस तुकडा घेतां येत नाहीं. म्हणून "चित्र निघालें, आतां नळी नको" असा हट्ट आजोबांनीं धरिला, तरी घरच्यांनीं डॉक्टरांचेंच ऐकावें. चित्र वाट दाखवितें. चालावयाचें तें आपणांसच.