जुनी गाडी ॲव्हरेज का देत नाही, आणि गॅरेजचा खर्च का थांबत नाही?

गेल्या आठ-दहा वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये, कॉलन्यांमध्ये दारापुढे चारचाकी उभी दिसू लागली आहे. बहुतेक घरांत ती घराण्यातली पहिलीच चारचाकी असते, आणि बहुतेक वेळा सेकंड हँड असते. तीन ते पाच लाखांचा व्यवहार. त्यात थोडी बचत, थोडे कर्ज, कधी वडिलांच्या फंडाचे पैसे. कुणी याला दिखाऊपणा म्हणते, आम्हाला तसे वाटत नाही. म्हाताऱ्या आईला डायलिसिसला न्यायचे असते, लग्नाला गावी जायचे असते, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरातल्या सात जणांना एकत्र नागपूरला जायचे असते. गरज खरी आहे.

अडचण नंतर सुरू होते. चार-सहा महिन्यांत दोन तक्रारी हमखास कानावर येतात. पहिली, "गाडी ॲव्हरेजच देत नाही." दुसरी, "गॅरेज सुटत नाही." वस्तीपातळीवर काम करताना आम्ही घरखर्चाच्या नोंदी पाहतो, तेव्हा मुलीच्या क्लासची फी थकलेली आणि त्याच महिन्यात गाडीवर वीस हजार गेलेले दिसतात. म्हणून हा विषय समजून घ्यायला हवा.

ज्या घरात दोन-तीन पिढ्या गाडी आहे तिथे एखादा काका असतो, जो बोनेट उघडून आवाजावरून सांगतो की ही गाडी घेऊ नको. कोणता मेकॅनिक प्रामाणिक आहे हे त्या घराला ठाऊक असते. मालमत्तेसारखे हे ज्ञानही वारशाने येते. आपल्याकडे पहिल्या पिढीच्या खरेदीदाराजवळ असा काका नसतो. त्याच्याजवळ असतो एजंट, आणि एजंटला कमिशन गाडी विकली गेल्यावर मिळते.

एजंट सांगतो, "साहेब, बावीसचे ॲव्हरेज आहे." हा आकडा तो मनाने काढत नाही. गाडी नवी असताना कंपनीने जाहीर केलेला तो आकडा असतो आणि त्यामागे एआरएआय या पुण्यातल्या संस्थेसारख्या ठिकाणी झालेली चाचणी असते. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळेत चालवली जाते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो, खड्डे नसतात, सात माणसे नसतात. चालवण्याच्या त्या ठरलेल्या पद्धतीचे इंग्रजी लघुरूप एमआयडीसी असे आहे, पण आपल्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांशी तिचा काही संबंध नाही! तो आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यापुरता उपयोगाचा आहे. आपल्या खिशाचा हिशेब त्यावर मांडता येत नाही. नव्या गाडीलाही शहरात तो मिळत नाही, मग दहा वर्षे चाललेल्या गाडीला कुठून मिळणार?

आपल्या गाडीचे खरे ॲव्हरेज काढायचे असेल तर टाकी फुल्ल करावी. पंपाचे नोझल आपोआप बंद होईल तिथे थांबावे, वरून आणखी भरू नये. मीटरचा आकडा लिहून ठेवावा. नेहमीसारखी तीनशे-चारशे किलोमीटर गाडी चालवून त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल्ल करावी. चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी लागलेल्या लिटरने भागावे. असे तीन वेळा केले की खरा आकडा हाती येतो. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा जरा गोड बोलतो. पाचशे रुपयांचे इंधन टाकून काटा कुठवर गेला ते पाहणे म्हणजे निव्वळ अंदाज.

आता आमच्या माहितीतल्या एका घराचे उदाहरण. वडील निवृत्त शिक्षक, मुलगा खासगी नोकरीत, घरात सहा माणसे. त्यांनी सात सीटर डिझेल गाडी सव्वाचार लाखांना घेतली. २०१५ चे मॉडेल, मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटर. सांगितलेले ॲव्हरेज २०, प्रत्यक्ष निघाले ११. महिन्याला साधारण ५०० किलोमीटर वापर. डिझेल ९१ रुपये लिटर धरले तर २० च्या हिशेबाने महिन्याला २,२७५ रुपये लागायला हवे होते, लागत होते ४,१०० च्या पुढे. पहिल्याच वर्षात क्लच आणि त्यामागचे फ्लायव्हील मिळून ३८ हजार, इंजेक्टर ४२ हजार, सस्पेन्शन आणि सर्व्हिसिंग १६ हजार. एकूण ९६ हजार. वर्षभरात गाडी चालली सहा हजार किलोमीटर. म्हणजे डिझेलला किलोमीटरमागे सव्वाआठ रुपये आणि दुरुस्तीला सोळा. कर्जाचा हप्ता, विमा यात धरलेलाच नाही.

यातले ४२ हजार बघा. ॲव्हरेज कमी म्हणून गॅरेजने इंजेक्टर बदलायला सांगितले. बदलले. ॲव्हरेज ११ चे साडेअकरा झाले. नंतर एका वयस्क मेकॅनिकने स्कॅनर लावून इंजिनच्या पाण्याचे तापमान पाहिले. अर्धा तास चालवूनही ते साठच्या आसपासच राहत होते, जे नव्वदीच्या जवळ जायला हवे. बोनेट खोलून पाहिले तर थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच! आधीच्या मालकाची गाडी कधीतरी गरम होत असणार, आणि कुणीतरी मूळ दोष शोधण्याऐवजी थर्मोस्टॅट काढून टाकला असणार. आपल्याकडे हा जुगाड सर्रास चालतो. थर्मोस्टॅटचे काम म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणे. तो नसला की इंजिन थंडच राहते. थंड इंजिनमध्ये तेलाचा विरोध जास्त असतो आणि इंजिनचा संगणकही थंडीतल्या हिशेबाने इंधन सोडत राहतो. नवा थर्मोस्टॅट मजुरीसह दोन हजारांत बसला. मागच्या एका चाकाचा ब्रेकही चिकटत होता, तो सोडवला. ॲव्हरेज १५ वर आले. इंजेक्टरचे ४२ हजार मात्र गेले ते गेले.

म्हणून आमचे म्हणणे असे की कमी ॲव्हरेज हा ताप आहे. ताप मोजायचा, मग कारण शोधायचे. सरळ ऑपरेशन करायचे नाही. शोधण्याचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. आधी टायरची हवा, ती गाडीच्या दाराच्या कडेला लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. मग एअर फिल्टर. मग ब्रेक चिकटतो का ते. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून खाली उतरा आणि हात न लावता प्रत्येक चाकाजवळ धग किती आहे ते पाहा. एकच चाक जास्त तापले असेल तर तिथे घोळ आहे. मग अलाइनमेंट, थर्मोस्टॅट, सेन्सर. चढावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. इंजेक्टर, पंप, टर्बो सगळ्यांत शेवटी. इंजेक्टरवर संशय असेलच, तर डिझेल पंप-इंजेक्टरचे काम करणारी वेगळी वर्कशॉप असतात, तिथे ते मशीनवर लावून तपासता येतात. चारपैकी एकच बिघडलेला निघू शकतो.

स्कॅनरबद्दलही एक गैरसमज आहे. स्कॅनरवर कोड आला म्हणजे तो पार्ट खराब, असे नसते. कोड कुठे गडबड दिसते तेवढेच सांगतो. ऑक्सिजन सेन्सरचा कोड तुटलेल्या वायरमुळेही येऊ शकतो आणि फाटलेल्या पाइपमुळेही. "कोड आला, पार्ट बदला" म्हणणारा मेकॅनिक आपल्या पैशांनी अंदाज लावत असतो.

दुसरा प्रश्न डिझेल की पेट्रोल. आपल्याकडे डिझेलचा मोह फार, कारण ॲव्हरेज जास्त आणि इंधन स्वस्त. हिशेब करून पाहू. पेट्रोल १०४ रुपये आणि १४ चे ॲव्हरेज, डिझेल ९१ रुपये आणि १७ चे ॲव्हरेज धरा. महिन्याला ४०० किलोमीटर वापर असेल तर डिझेलमध्ये वाचतात सुमारे ८३० रुपये, म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या आत. तेवढे एका इंजेक्टरला पुरतीलच असे नाही. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणाऱ्याचे मात्र वर्षाला ३७ हजार वाचतात, त्याला डिझेल शोभते. जुनी डिझेल गाडी बाजारात स्वस्त दिसते, कारण पहिल्या मालकाने तिचे चांगले दिवस वापरून घेतलेले असतात. उच्च दाबाचा पंप, इंजेक्टर, टर्बो, क्लच ही महाग कामे लाखभर किलोमीटरनंतर एकेक करून डोके वर काढतात.

त्यात वापर शाळा, बाजार, ऑफिस असा चार-चार किलोमीटरचा असेल तर डिझेल इंजिन नीट तापतच नाही आणि काजळी साचते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी बहुतेकांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी एका लयीत, चांगल्या वेगाने काही वेळ गाडी पळावी लागते. गल्लीतच फिरणाऱ्या गाडीचा हा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि बिल मोठे येते. कमी आणि जवळच्या वापराला साधे पेट्रोल इंजिन बरे. टर्बो नसलेले असेल तर आणखी बरे.

पेट्रोलवाल्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. आता पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. ज्या चारचाकी मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवल्या, त्यांचे ॲव्हरेज अशा पेट्रोलवर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. म्हणजे १५ ची गाडी १४ वर. एवढी घट मेकॅनिकच्या माथी मारू नये. पण १५ ची गाडी १० देत असेल तर त्याचे खापर इथेनॉलवर फोडून गप्प बसण्यातही अर्थ नाही.

गाडी घ्यायच्या आधीची तपासणी हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. नोंदणी क्रमांकावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मागावा. तीन वर्षांपूर्वी तिथे ९५ हजार किलोमीटर लिहिलेले आणि आज मीटरवर ७० हजार, म्हणजे मीटर मागे फिरवला आहे. पॅडलचे रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची सीट खोटे बोलत नाहीत. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुने झालेले टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेच लागतात, तो खर्च किमतीतून वजा करायला सांगावे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी गंजके पाणी दिसले तर पुढचे काम हेड गॅस्केटचे असू शकते. टायमिंग बेल्टवाले इंजिन असेल तर बेल्ट कधी बदलला याचे बिल मागावे, कारण तो तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत मातीची रेघ असेल तर गाडी पुराच्या पाण्यात गेलेली असू शकते, आणि अशा गाडीची वायरिंग कायमची डोकेदुखी असते.

ही तपासणी स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिककडून, त्याला हजार-दोन हजार रुपये देऊन करून घ्यावी. "माझ्या मेकॅनिकला दाखवतो" म्हटल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याला इसार देऊ नये. व्यवहार ठरवताना गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवावी. बजेट चार लाखांचे असेल तर गाडी सव्वातीन-साडेतीन लाखांची बघावी. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी फार स्वस्त मिळते, पण पंधरा वर्षांनी फिटनेस करून पुन्हा नोंदणी करावी लागते. मोटारीसाठीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा.

गॅरेजमध्ये काम देताना अंदाजपत्रक लेखी घ्यावे, काम वाढले तर आधी फोन करायला सांगावे आणि काढलेला जुना पार्ट परत मागावा. यात भांडण नाही, तो आपला पार्ट आहे. कंपनीच्या डब्यातला पार्ट बनवणारा कारखाना बरेचदा तोच पार्ट स्वतःच्या नावाने सुट्या बाजारात कमी भावात विकतो. तो चालतो. बिनबिलाचा, बिननावाचा पार्ट मात्र ब्रेक आणि स्टिअरिंगला कधीच लावू नये.

बिल पक्के घेण्याचे कारण आणखी एक आहे. गाडी डीलरकडून घेतली असेल आणि मीटर फिरवलेला किंवा अपघात लपवलेला निघाला, किंवा गॅरेजने न केलेल्या कामाचे पैसे घेतले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते. व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही भरता येतो. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खासगी मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीला ही वाट सहसा मिळत नाही. तिथे सगळी मदार इसार देण्याआधीच्या तपासणीवर आणि लेखी करारावर.